पासपोर्ट परत मिळाला, व्हिसा नाही

प्रश्न: ताई, नमस्कार. माझ्या नवऱ्याची एच-वन-बी (अमेरिकेतल्या नोकरीच्या) व्हिसाची मुलाखत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये झाली. काम काय, पगार किती, क्लायंट कोण, एवढंच विचारलं. मग अधिकाऱ्याने पासपोर्ट परत दिला आणि सोबत कलम २२१-जी लिहिलेला एक कागद. काही दिवसांनी ई-मेलवर डीएस-५५३५ या जादा माहितीच्या फॉर्मचे प्रश्न आले, त्याने उत्तरं पाठवली. त्याला दोन महिने होऊन गेले. वेबसाइटवर स्टेटस ‘रिफ्यूज्ड’ दिसतं. ऐरोलीच्या नोकरीचा त्याने राजीनामा दिलाय, शेवटचा दिवस महिनाअखेरीस आहे. ठाण्यातलं भाड्याचं घर सोडायची नोटीस दिलीये, मुलीच्या शाळेत शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज केलाय. सासऱ्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, साठ हजार द्या, फाइल हलवतो. घरात रोज यावरून वाद होतात. हा नकार आहे का? आम्ही काय करायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला थोडक्यात कळवलं होतं. तशीच पत्रं डोंबिवली, पार्ले, नाशिकहूनही आली आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी ‘रिफ्यूज्ड’बद्दल, कारण तुमची झोप त्या एका शब्दाने उडाली आहे. अमेरिकेच्या कायद्यात मुलाखतीनंतर अधिकाऱ्यापुढे दोनच वाटा असतात, व्हिसा द्या किंवा नाकारा. ‘थांबा, तपासणी चालू आहे’ असं तिसरं खातं कायद्यात नाही. म्हणून तपासणी बाकी असलेला अर्जही नकाराच्याच खात्यात टाकतात आणि वेबसाइट तेच दाखवते. तपासणी समाधानकारक झाली की तोच अर्ज, तीच फी, तोच केस नंबर वापरून व्हिसा निघतो. परदेशी पाठवणीचं काम मी अंधेरीच्या सीप्झमधल्या एका कंपनीत बरीच वर्षं केलं. कॉन्सुलेट ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये होतं, २०११ मध्ये ते बीकेसीला गेलं, त्याच्या आधीपासून. या खात्यातून बाहेर पडून गेलेली कितीतरी मुलं-मुली मी पाहिली आहेत. तेव्हा हा शेवटचा नकार नाही. मात्र एक लक्षात ठेवा. पुढे कधीही व्हिसाच्या फॉर्मवर ‘पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का’ असं विचारलं, तर उत्तर ‘हो’ द्यायचं आणि पुढे २२१-जी चा तपशील लिहायचा. ही गोष्ट लपवणं महागात पडतं.

आता उशीर का होतो. २२१-जी चे कागद वेगवेगळे असतात. काहींत तुमच्याकडून काही हवं असतं: क्लायंटचं पत्र, कामाचं वर्णन, कंपनीची करविवरणपत्रं. ते दिलं की पुढची चक्रं फिरतात, आणि त्यासाठी वर्षभराची मुदत असते. मुदत उलटली तर नवा अर्ज, नवी फी. तुमच्या नवऱ्याचं प्रकरण दुसऱ्या जातीचं आहे. तिथे त्याच्याबद्दलची खातरजमा बाकी आहे. डीएस-५५३५ मध्ये मागच्या पंधरा वर्षांचे पत्ते, नोकऱ्या आणि परदेश प्रवास विचारतात, भावंडांची आणि मुलांची नावं, जुने पासपोर्ट नंबर, पाच वर्षांतले फोन नंबर, ई-मेल आणि समाजमाध्यमांवरची खाती विचारतात. ती माहिती वॉशिंग्टनला जाते आणि तिथल्या वेगवेगळ्या खात्यांतून फिरते. बीकेसीच्या खिडकीवरचा अधिकारी फाइल दाबून बसलेला नाही. तो स्वतःही उत्तराची वाट बघतो आहे.

त्याने जी उत्तरं पाठवली त्यांची प्रत काढा आणि एकदा शांतपणे डीएस-१६० शी, म्हणजे व्हिसाच्या मूळ ऑनलाइन अर्जाशी, ताडून बघा. नोकरीच्या तारखा जुळतात का? ईपीएफओच्या नोंदीत प्रत्येक कंपनीत लागल्याची आणि सोडल्याची तारीख मिळते, ती ग्राह्य धरा, आठवणीवर जाऊ नका. जुन्या पासपोर्टवर फक्त स्वतःचं नाव आहे आणि नव्यावर दिलेल्या नावातच वडिलांचंही नाव आलंय, असं आपल्याकडे सर्रास होतं. पाटील, जाधव, शिंदे अशा नावांची माणसं ढिगाने असल्यामुळे नाव आणि जन्मतारीख दुसऱ्याच कुणाशी जुळण्याची शक्यताही असते, आणि तो माणूस हा नव्हे हे ठरवायला वेळ जातो. खरीखुरी चूक सापडली तर कागदावर दिलेल्या मार्गानेच, केस नंबर टाकून, एक नीट ई-मेल पाठवा. एकच. दर आठवड्याला आठवण करून काही लवकर होत नाही. तपासणीला अजून किती लागेल अशी चौकशी करण्याआधी मुलाखतीपासून किंवा शेवटचे कागद दिल्यापासून, यातली जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून, १८० दिवस थांबावं असं अमेरिकन परराष्ट्र खातं बरीच वर्षं सांगत आलं आहे. घरात गंभीर आजारपण किंवा मृत्यू असेल तर गोष्ट वेगळी. वेबसाइटवर ‘शेवटचा बदल’ म्हणून दिसणारी तारीख मधूनमधून सरकते, त्यावरून कुठलाही अंदाज बांधू नका. ई-मेलचा स्पॅम फोल्डर मात्र रोज उघडा, पासपोर्ट मागवणारा मेल तिथेच जाऊन पडू शकतो.

साठ हजारांचं. ताई म्हणून सांगते, एक रुपया देऊ नका. या तपासणीला कसलीही फी नाही. एच-वन-बी च्या अर्जाची २०५ डॉलर फी तुम्ही आधीच भरली आहे. दादरचा असो की दिल्लीचा, कोणताही मध्यस्थ त्या यंत्रणेत हात घालू शकत नाही, आणि आमदार-खासदारांच्या पत्राचाही उपयोग नाही. उलट या गृहस्थांनी एखादं ‘अनुभवाचं पत्र’ तयार करून पुढे केलं आणि ते खोटं ठरलं, तर नवऱ्याला अमेरिकेच्या व्हिसासाठी कायमचं अपात्र ठरवता येतं. सासऱ्यांना मुलाची काळजी आहे, म्हणून ते दारं ठोठावत आहेत. त्यांच्याशी वाद घालू नका, हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. पासपोर्ट आणि ई-मेलचा पासवर्ड मात्र घराबाहेर जाऊ देऊ नका.

तुम्हाला मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते पुढचं. व्हिसाची तारीख तुमच्या हातात नाही, पण इथलं घर, नोकरी, शाळा अजून हातात आहे, आणि ते तुम्ही स्वतःहून सोडत चालला आहात. तो राजीनामा मागे घेता येतो का, हे त्याने मॅनेजर आणि एचआर दोघांनाही आजच विचारावं. मागे नाही, तर शेवटचा दिवस दोन-तीन महिने पुढे ढकलता येतो का ते विचारावं. मी त्या खुर्चीत बसत होते म्हणून सांगते, प्रोजेक्टवरचा माहीतगार माणूस राहतो म्हटल्यावर कंपनीला बहुतेक वेळा बरंच वाटतं. विचारायला लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. ते जमलंच नाही तर अमेरिकेतल्या कंपनीला विचारा की भारतात त्यांची शाखा आहे का, आणि व्हिसा येईपर्यंत इथल्या पगारावर घेतील का. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला एच-वन-बी वरचा पगार देण्याची त्यांची जबाबदारी तो अमेरिकेत उतरल्यावर सुरू होते, म्हणून हे आपणहून कुणी सुचवणार नाही. रुजू होण्याची नवी तारीख लेखी घ्या.

नोकरी सुटली तर कंपनीचा मेडिक्लेमही सुटतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण तो अर्ज वेळेत करावा लागतो, तो आधी करा. पीएफ काढू नका. पाच वर्षं सलग नोकरी झाली नसेल तर काढलेल्या रकमेवर करही लागतो.

अमेरिकेतल्या कंपनीला कंटाळू देऊ नका, हेही तितकंच महत्त्वाचं. २१ सप्टेंबर २०२५ पासून, अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी दाखल होणाऱ्या नव्या पिटिशनला (कंपनी अमेरिकन सरकारकडे करते त्या एच-वन-बी च्या अर्जाला) एक लाख डॉलर भरण्याची अट आली. तुमचं पिटिशन त्याआधीचं असेल तर ते सोन्यासारखं जपायचं. दुसरी ऑफर आली म्हणून घाईने कंपनी बदलू नका. महिन्यातून एकदा त्यांच्या वकिलाला दोन ओळी लिहा. कंपनीला तिच्या भागातल्या अमेरिकन काँग्रेस (तिथल्या संसद) सदस्याच्या कार्यालयामार्फत स्थिती विचारता येते, निर्णय त्याने बदलत नाही. फारच लांबलं तर अमेरिकेतल्या संघीय न्यायालयात मँडॅमसचा दावा लावतात. न्यायालय ‘निर्णय द्या’ म्हणू शकतं, ‘व्हिसा द्या’ म्हणत नाही. ते खर्चीक आहे आणि आत्ता तुमची ती वेळ नाही. पिटिशनची मंजुरी वाट बघण्यात सरत असली तरी एच-वन-बी ची सहा वर्षांची मर्यादा अमेरिकेत प्रत्यक्ष राहिलेल्या दिवसांवरच मोजतात, ती इथे बसून कमी होत नाही.

मुलीचा दाखला काढू नका. अर्ज केला असेल तर मुख्याध्यापिकांना भेटून तो थांबवा आणि जूनचं वर्ष इथलंच धरून चाला. ऐन वर्षात जायची वेळ आली तर दाखला तेव्हाही मिळतो, पण ठाण्यातल्या चांगल्या शाळेतली गेलेली जागा परत मिळत नाही. घरमालकांना खरं सांगा. दुसरा भाडेकरू ठरला नसेल तर अकरा महिन्यांचा नवा करार करा, त्यात एक महिन्याच्या नोटिशीची अट घाला. तुमचे एच-फोर (कुटुंबाचे) व्हिसे त्याच्यावर अवलंबून आहेत, तेव्हा तुम्ही स्वतः नोकरी सोडली असेल तर तुम्हीही इथे कामाचं बघायला लागा. नातेवाईक ‘कधी निघताय’ विचारतील. ‘व्हिसा आला की कळवू’ एवढंच उत्तर द्या आणि ते दोघांनीही सारखंच द्या.

प्रश्न: माझी मुलगी न्यू जर्सीत एच-वन-बी वर नोकरी करते. भावाच्या लग्नाला पार्ल्याला आली. डिसेंबरमधली स्टॅम्पिंगची (पासपोर्टवर नवा व्हिसा घेण्याची) अपॉइंटमेंट परस्पर काही महिने पुढे ढकलल्याचा मेल आला. जुन्या तारखेला जाऊन विनंती केली तर? किंवा दुसऱ्या देशात जाऊन?
— एक वडील, विलेपार्ले

उत्तर: काका, जुन्या तारखेला गेलात तर आत सोडत नाहीत, तसं दूतावासाने जाहीरच केलं होतं. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोर च्या सगळ्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायला सुरुवात झाली, आणि त्यासाठी दिवसाच्या मुलाखती कमी केल्या. तुमच्या मुलीसारख्या अनेकांच्या तारखा मार्चवर आणि त्याहीपुढे गेल्या. खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं आहे, ती तशी ठेवावीत. मुलाखतीच्या तोंडावर जुन्या पोस्ट पुसत बसू नये. लिंक्डइनवरच्या तारखा आणि पद अर्जाशी जुळतात का, ते पाहावं. दुसऱ्या देशाचा मार्ग सप्टेंबर २०२५ पासून बंदच झाल्यासारखा आहे, कारण जिथले नागरिक किंवा रहिवासी असाल तिथेच अर्ज करायचा असा नियम आला.

आधीचा व्हिसा पासपोर्टवर अजून जिवंत आहे का, ते मात्र नक्की बघा. एच-वन-बी चा जुना स्टॅम्प आधीच्या कंपनीच्या नावाचा असला तरी मुदत शिल्लक असेल, तर नव्या कंपनीच्या आय-७९७ या मंजुरीपत्रासोबत त्यावर परत जाता येतं. बऱ्याच मुलांना हे ठाऊक नसतं. मुदत संपली असेल तर मिळालेली तारीख रद्द न करता तातडीच्या अपॉइंटमेंटची विनंती टाकावी.

इथून काम करायला कंपनीची लेखी परवानगी घ्यावी. काही क्लायंटचा डेटा भारतातून उघडायला बंदी असते. मुक्काम लांबला तर दिवस मोजत राहावे. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात झाले की ती इथली रहिवासी ठरते आणि तिकडच्या पगारावर इथे कर द्यावा लागण्याचा प्रश्न उभा राहतो. सीएला आत्ताच भेटा, मार्च उजाडायची वाट पाहू नका.