स्त्री गुप्तहेर असलेल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्यात, सुरुवात कुठून करू?

सू ग्राफ्टनच्या किन्सी मिलहोनपासून करा. पुस्तकांची नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने; १९८२ साली 'ए'पासून निघालेली ही मालिका 'वाय'वर थांबली. २०१७ मध्ये लेखिका गेली, 'झेड' राहूनच गेलं. किन्सी स्वतःचे केस नखं कापायच्या कात्रीने कापते, समारंभाला एकच काळा ड्रेस, तपासाची टिपणं छोट्या कार्डांवर. पीनट बटर आणि लोणच्याचं सँडविच म्हणजे जीव की प्राण! हे बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी वाचून दाखवलं, तर आजी म्हणाली, "दाण्याचं कूट नि लोणचं, त्यात काय नवल?" (तिकडचं लोणचं म्हणजे व्हिनेगरमधली काकडी, हे मी सांगितलंच नाही.)

हाणामारी हवी असेल तर सारा पारेत्स्कीची शिकागोवाली वॉरशॉस्की. निवांत वाचायचं असेल तर बोत्सवानाच्या प्रेशस रामोत्स्वे. त्यांचे निम्मे गुंते चहा पिता पिताच सुटतात.