दगडी कोळसा म्हणजे जळालेलं लाकूड नव्हे

तुम्ही विचारलंय की पूर्वीची जंगलं जळून दगडी कोळसा झाला का, आणि आज तो कशाला लागतो.

जळून होतो तो लोणारी कोळसा. लाकूड कोंडून, कमी हवेत जाळलं की मिळतो तो. दगडी कोळसा तयार व्हायला आग लागतच नाही.

माझं लहानपण वणीजवळच्या खाण वसाहतीत गेलं. बाबा खदानीतून एकदा राखाडी दगडाची एक कपची घेऊन आले. तिच्यावर जिभेच्या आकाराचं पान उमटलेलं होतं, मधली शीर अगदी ठसठशीत. ते ग्लॉसोप्टेरिस या झाडाचं पान. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी गोंडवाना महाखंडाचा भाग होती, तेव्हाचं. हिमनद्या ओसरल्या आणि सखल भागांत दलदली पसरल्या. पडलेली झाडं पाण्याखाली गेली. तिथे प्राणवायू कमी, म्हणून ती पुरती कुजलीच नाहीत. जमीन खचत गेली, वर गाळाचे थर चढत गेले. दाबाने आणि उष्णतेने पाणी आणि वायू निघून गेले, कार्बनचं प्रमाण वाढत गेलं. आधी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर, मग कोळशाच्या चढत्या पायऱ्या: लिग्नाइट, बिटुमिनस आणि शेवटी अँथ्रासाइट. आपल्याकडचा वर्धा खोऱ्यातला कोळसा बिटुमिनसपर्यंतही जेमतेम पोचलेला.

झाडपाल्याबरोबर नद्यांनी आणलेली मातीही त्यात बसली. ती कोळशात इतकी एकजीव झालेली असते की धुऊनही नीट निघत नाही. म्हणून आपल्या कोळशात बहुतेक वेळा ३० ते ४५ टक्के राख असते. चंद्रपूरच्या वीज केंद्राजवळचे राखेचे तलाव पाहिलेत तर हे लगेच पटेल. ही राख सिमेंटात आणि विटांत वापरतात, ते चांगलंच आहे.

भारतात सर्वांत जास्त कोळसा विजेसाठीच जळतो. एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम. त्याखालोखाल पोलाद, सिमेंट, स्पंज आयर्न (खनिज न वितळवता केलेलं कच्चं लोखंड). पोलादाच्या झोतभट्टीला मात्र कोक, म्हणजे हवेशिवाय तापवलेला कोळसा, लागतो आणि तो प्रत्येक कोळशापासून होत नाही. त्यासाठीचा कोळसा झारखंडमधल्या झरियात आहे, तरी बराचसा परदेशातूनच आणावा लागतो. कोक करताना डांबर निघतं. कपाटातल्या डांबरगोळ्यांचं नॅप्थलीन मुळात त्यातूनच आलं, आणि नावही तिथूनच.

दलदलीत पीट आजही साठतंय, पण अगदी सावकाश: वर्षाला साधारण एखादा मिलिमीटर. आमच्याकडे काही ठिकाणी कोळशाचा थर १० मीटरहून जाड आहे, आणि तोही दाबून पार आकसल्यानंतरचा. ते पान मी अजून जपून ठेवलंय.