पायथनमध्ये रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या पॅटर्नने) ओळीतली अवतरणचिन्हांमधली नावं काढताना ".*" वापरल्यावर तीन थांब्यांऐवजी एकच लांब तुकडा का मिळतो?

तुमची ओळ अशी आहे: थांबे = "पणजी", "कुठ्ठाळी", "मडगाव". इथे ".*" मधलं टिंब म्हणजे कोणतंही अक्षर आणि तारा म्हणजे ते कितीही वेळा; हा तारा हावरट असतो. तो आधी ओळीच्या टोकापर्यंत धावतो, मग मागे येत शेवटच्या अवतरणचिन्हावर थांबतो. म्हणून पणजीपासून मडगावपर्यंत सगळं एकत्र आलं.

त्याऐवजी हे वापरा:

"([^"]*)"

म्हणजे अवतरणचिन्ह सोडून काहीही. पॅटर्नमध्ये एकच कंस असला की पायथनचं फाइंडऑल (जुळणारे सगळे तुकडे देणारं फंक्शन) फक्त त्यातला मजकूर देतं, त्यामुळे तिन्ही नावं सुटी मिळतील.

मजकुरातच \" (बॅकस्लॅश लावलेलं अवतरणचिन्ह) असेल तर ".*?" (कमीत कमी घेणारा, न हावरट तारा) सुद्धा फसतं, तिथेच तुटतं. मग हे घ्या, आणि रॉ स्ट्रिंगमध्येच (आधी r लावलेली, बॅकस्लॅश जसाच्या तसा ठेवणारी स्ट्रिंग) लिहा:

"((?:[^"\\]|\\.)*)"

पायथनची पूर्ण सोर्स फाइल वाचायची असेल तर मात्र रेजेक्स नकोच. कॉमेंटमधलं एकटं अवतरणचिन्ह पुढच्या सगळ्या जोड्या बिघडवतं. कोडचे सुटे घटक पाडून देणारं पायथनचं टोकनाइज मॉड्यूल वापरा.