फुगे काढले की मूल पाण्यात खांबासारखं उभं राहतं, त्याबद्दल

तुम्ही लिहिता, अडीच वर्षांचा मुलगा आठ महिने दंडाला हवेचे फुगे लावून पोहण्याच्या तलावभर फिरतोय. फुगे काढले की पाण्यात ताठ उभा राहतो, हनुवटी वर करतो आणि किंचाळत गळ्याला मिठी मारतो. क्लासवाले म्हणतात, ‘अजून एक बॅच फुग्यांवरच करू, आपोआप सुटेल.’ तुमचं हे वर्णन म्हणजे आमचीच जुनी डोकेदुखी, शब्दन् शब्द. पोहायला शिकवायला लागला नसता त्याहून जास्त वेळ आम्हाला ही सवय मोडायला लागला. आपोआप काहीही सुटत नाही. दहा महिन्यांच्या धाकटीला तलावात न्यायचं का, ते शेवटी लिहितो.

मी डॉक्टर नाही. दमा, फिट, कानाचं दुखणं असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढचं काही करू नका. टॉवेल, चष्मा, टोपी हे सगळं तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही.

मुलगा घाबरट नाही. आठ महिने त्याला जे शिकवलं गेलं तेच तो चोख करतोय. फुग्यांची सगळी उचल दंडाशी, म्हणजे खांद्याजवळ. बाकीचं अंग खाली लोंबतं, त्यामुळे मूल पाण्यात उभं राहतं, पाय सायकल मारल्यासारखे फिरतात. हात दोन्ही बाजूंना अडकलेले, पाणी मागे ओढायला मोकळेच नाहीत. तोंड कायम कोरडं. पोहण्यात यातलं एकही चालत नाही. तिथे अंग आडवं लागतं, तोंड आणि कान पाण्यात लागतात. डोकं वर काढलं की कंबर नि पाय खाली जातात. हे मोठ्यांचंही होतं, पण लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, त्यामुळे त्याचं जास्त होतं.

याहून वाईट म्हणजे त्याची समजूत. पायरीवरून उडी मारली की पाणी आपल्याला वर आणून सोडतं, हे तो शेकडो वेळा अनुभवून शिकलाय. फुगा वर आणतो हे त्या वयात कळत नाही. म्हणून सगळ्यात धोक्याची वेळ पाण्यातली नसते, फुगे काढल्यानंतरची असते. खाऊ खाताना, कपडे बदलताना, मोठी माणसं पिशव्या आवरत असताना मूल सरळ चालत जाऊन पाण्यात उतरतं. आणि बुडणारं मूल हाका मारत नाही, हात हलवत नाही. अंग उभं, तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली, हात बाजूंना पाणी दाबत असलेले. लांबून बघणाऱ्याला ते फुग्यांवर खेळणाऱ्या मुलासारखंच दिसतं.

‘हवा थोडी थोडी कमी करत जा’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. मला तो मुळीच पटत नाही. अर्धवट फुगलेला फुगा दंडावरून सटकतो, आणि अंग उभं ते उभंच राहतं. एका दिवशी बंद करा आणि परत लावू नका. पहिल्या दोन-तीन वेळा रडारड होईल. तेव्हा उथळ बाजूला, तुमच्या छातीइतक्या पाण्यात काखेत धरून नुसतं फिरवा. मधूनच आपले हात किंचित खाली घ्या, पाणी त्याच्या हनुवटीला लागू द्या, परत वर घ्या. आपलं वजन पाण्यात किती आहे हे त्याला पहिल्यांदाच जाणवतंय, त्याला वेळ द्या.

खरी अडचण बहुतेक कानांची निघते. फुग्यांवरच्या मुलाचे कान कधी भिजलेलेच नसतात, म्हणून उताणं केलं की ते मान ताठ करून उठून बसू पाहतं. याची तयारी घरी आंघोळीच्या वेळी करा. ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि मगभर पाणी टाळूवरून मागे सोडायचं. चार-पाच दिवसांनी कानांवरून, मग कपाळावरून चेहऱ्यावर. मोजणं दर वेळी तेच आणि तीनलाच पाणी, कधीही अचानक नाही. चेहरा लगेच पुसू नका. पुसलात की पाणी ही पुसून टाकायची वाईट गोष्ट ठरते. स्वतःच डोळे मिचकावू दे.

तलावात पहिलं काम उताणं तरंगणं. तुम्ही खांद्यापर्यंत पाण्यात बसा, त्याचं डोकं तुमच्या खांद्यावर, गालाला गाल, दोघांची नजर छताकडे किंवा आभाळाकडे. एक हात त्याच्या कमरेखाली. तो सैल पडला की खांदा हळूच काढून तळहात मानेच्या वर, डोक्याखाली घ्या. मग कमरेखालचा हात काढा, मग डोक्याखाली नुसती दोन बोटं ठेवा. तीन मोजेपर्यंत टिकलं तर त्या दिवशी तिथेच थांबा. पोट आत गेलं की तो बसका होतो नि बुडतो, म्हणून ‘पोट वर’ एवढीच सूचना द्या. एका वेळी दोन सूचना दिल्या तर तो एकही ऐकत नाही.

तोंड पाण्यात घालताना ‘श्वास रोखून धर’ म्हणू नका, गुणगुणायला सांगा. ‘मऽऽऽ’ करताना हवा नाकातून बाहेर येत राहते आणि पाणी आत शिरत नाही. ते जमलं की पायरीवरून तुमच्याकडे पालथं सरकणं. अंतर फार तर एक हात, वेळ दोन-तीन सेकंद. इथे नेहमीची चूक म्हणजे मूल येत असताना आपण मागे मागे सरकतो. ते दोन वेळा फसतं, तिसऱ्यांदा येत नाही. ठरवलेल्या जागी उभे राहा.

माझ्या मते या वयात सगळ्यात मोलाची गोष्ट काठ धरणं आणि बाहेर येणं. मुलाला काठावर बसवा, तुमचे हात धरून पाण्यात उतरवा, आणि लगेच वळवून काठ धरायला लावा. मग काठाकाठाने हात सरकवत पायरीपर्यंत. शेवटी चढणं: एक कोपर काठावर, दुसरं कोपर, पोट, गुडघा. सुरुवातीला तुमची मांडी पायाखाली द्या, पुढे नुसता तळवा. एकदा हे सुरू केलं की त्याला पाण्यातून उचलून बाहेर ठेवायचं नाही, घाई असली तरी. काठावरून पाण्यात जायचं ते तुम्ही ठरवलेला शब्द म्हटल्यावरच, हा नियमही त्याच दिवसापासून.

आता क्लासच्या ऑफिसबद्दल. आमच्या वेळी काउंटरवर तीनच प्रश्न विचारले होते. एका शिक्षकामागे मुलं किती, सीपीआरचं (श्वास बंद पडल्यावर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब देण्याचं) प्रशिक्षण शेवटचं कधी झालं, आणि फुगे कधी काढणार. उत्तर काय, तर ‘सगळं आमचे लोक बघतात’ आणि हातात रंगीत माहितीपत्रक. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, त्यावर छापलेलं ‘जलसुरक्षित’! ज्या मुलाला काठ धरता येत नाही ते जलसुरक्षित. तीन वर्षांखालच्या मुलांसोबत पालक पाण्यात नसतील आणि शिकवणाऱ्यावरच जीवरक्षकाचंही काम टाकलेलं असेल, तर क्लास बदला. चार मुलांना शिकवणाऱ्याची पाठ तिघांकडे असतेच.

फुगे आणि लाइफ जॅकेट एकच समजू नका. होडीत किंवा उघड्या पाण्याजवळ जॅकेट हवंच. ते वयावर घेऊ नका, वजनावर घ्या, दोन पायांमधला पट्टा असलेलं. घातल्यावर खांद्याशी धरून वर उचलून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं होतंय. तलावात शिकताना मात्र ते नको, तिथेही अंग उभंच राहतं.

आता धाकटी. नेऊ शकता, पण मौज म्हणून. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी पोहायला शिकवायला चार वर्षांपर्यंत थांबा म्हणायची. २०१० मध्ये तिने ही भूमिका सैल केली. १ ते ४ वर्षांत शिकवण्याने बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो, पण वर्षाच्या आतल्या बाळांना तसा फायदा होतो याला पुरावा नाही, असं ती सांगते. त्यामुळे ‘सहा महिन्यांचं बाळ स्वतःला वाचवेल’ अशा जाहिरातींवर पैसे घालू नका. बाळाला बुचकळणाऱ्या क्लासला तर अजिबात नाही. बाळ पुन्हा पुन्हा पाणी गिळतं, रक्तातलं सोडियम उतरतं, आणि गळून जाणं, उलट्या, झटके इथपर्यंत जाऊ शकतं. पाणी साधारण ३२ अंश सेल्सिअस असावं, पहिल्यांदा १० मिनिटं पुरेत, नंतरही अर्ध्या तासाच्या वर नको. ओठ निळसर झाले किंवा थरथर सुरू झाली की लगेच बाहेर. पोहण्याचे डायपर शी थोपवतात, शू नाही. जुलाब होत असतील तर दोघांनाही घरीच ठेवा. गळ्यात अडकवायची रिंग कुणी भेट दिली असेल तर फेकून द्या. बाळांच्या त्या रिंगांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०२२ मध्ये इशारा दिला आहे.

दोघं पाण्यात असताना दोन मोठी माणसं हवीत, प्रत्येकाचं मूल हाताच्या अंतरावर. एकटे असाल तर एकालाच न्या. घरी बादली, टब रिकामे करून पालथे ठेवा, पाच सेंटिमीटर पाणीसुद्धा बाळाला पुरतं.

सीपीआर वाचून येत नाही, दोघंही जण शिकून घ्या. बुडालेल्या मुलाला उलटं धरू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. दुसऱ्याला लगेच मदतीसाठी फोन करायला लावा. आणि नाकातोंडात बरंच पाणी गेलेलं मूल नंतर खोकतच राहिलं, धापा टाकू लागलं किंवा अवेळी पेंगायला लागलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या.

हो, पोहण्याचे कपडे निळे, पांढरे, राखाडी घेऊ नका, पाण्याखाली दिसतच नाहीत. भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्या. असलेले कपडे एकदा तलावाच्या तळाशी धरून काठावरून बघा, म्हणजे कळेल.