बॉम्ब पडत असताना उड्डाण कशाला?

प्रश्न : सर, ७१ च्या युद्धात श्रीनगरला बॉम्ब पडत असतानाच आपलं नॅट हे लढाऊ विमान उडालं आणि पडलं म्हणे, हल्ला संपेपर्यंत थांबायचं की ओ? – एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : अहो, थांबलं असतं तर जमिनीवरच फुटलं असतं! १४ डिसेंबरला पेशावरहून पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं आली, धावपट्टीवर धूर नि धुरळा, त्यातूनच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों उडाले. पुढं उडालेला जोडीदार घुमान धुरकटात दिसेनासा झाला, मग सेखों एकटेच भिडले हो. गोळ्या लागल्यावर कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण, उडालेली दिसली, म्हणजे बाहेर पडायचा प्रयत्न केला असणार, पण त्यासाठी लागणारी उंचीच उरली नव्हती. अवशेष दरीत सापडले, देह नाही, याचं फार वाईट वाटतं. परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले ते एकमेव.