अमीर, उमराव आणि शूफच्या डोंगरातला मक्तेदार

प्रश्न असा आहे : 'लेबनॉनचा अमीर दुसरा फख्रुद्दीन' असं वाचनात आलं. इथे अमीर म्हणजे श्रीमंत, राजा की राजपुत्र? आपल्या 'अमीर-उमराव'मधला अमीर तो हाच का? आणि मराठीत त्याला नेमकं काय म्हणावं?

अमीर तोच. पण कृपा करून 'श्रीमंत' म्हणू नका. परवा एका माहितीपटाच्या मराठी निवेदनात 'लेबनॉनचा धनाढ्य फख्रुद्दीन' ऐकलं आणि हातातला चहा सांडला. 'श्रीमंत बाजीराव पेशवे' याचा अर्थ आपण 'पैसेवाले बाजीराव' असा लावतो का? त्या श्रीमंतांची ब्रह्मेंद्रस्वामींना गेलेली पत्रं तर कर्जाच्या रडगाण्याने भरलेली आहेत. आधी पदवी, मग पदवीवाल्यांकडे पैसा दिसतो म्हणून शब्दाला पैशाचा अर्थ. श्रीमंत त्या वाटेने गेला तसाच अमीरही. मुळात 'अम्र' म्हणजे हुकूम आणि तो सोडणारा तो अमीर. ॲडमिरल यातूनच निघाला वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो.

'अमीर-उमराव' ही मात्र मोठी गमतीची जोडी आहे. उमरा हे अमीरचंच अरबी अनेकवचन. म्हणजे आपण 'अमीर आणि अमीर लोक' असं म्हणतो, वर त्याला 'उमरावांनी' असं मराठी अनेकवचन चढवतो! शेवटचा 'व' कुठून आला, याबद्दल माझं एक लाडकं मत आहे. माधवराव, मल्हारराव ऐकून तयार झालेल्या कानाला 'उमरा' अर्धवट वाटला असणार, म्हणून त्याने 'राव' पुरा करून घेतला. हिंदीतही उमराव आहेच, मग मराठी कानाचा काय संबंध, असं मला दरवेळी ऐकवलं जातं. राव हिंदीतही आहेत, एवढंच उत्तर देतो.

आता फख्रुद्दीन. जन्म 1572 च्या सुमाराचा, लेबनॉनमधल्या शूफच्या डोंगरातलं, इस्लाममधून निघालेल्या द्रूझ पंथाचं मअन घराणं. बाप कुर्कुमाज 1585 मध्ये उस्मानी, म्हणजे तुर्की ऑटोमन, फौज डोंगरावर चालून आली तेव्हा मरण पावला. मुलगा 1590 नंतर सैदा-बैरूतचा आणि 1602 मध्ये दक्षिणेकडच्या सफदचाही उस्मानी सुलतानाच्या वतीने कारभारी झाला. अमीर हा किताब सुलतानाने दिला नव्हता, तो घराण्याचा होता. त्या डोंगरात काही घराणी अमीर आणि काही शेख, अशी उतरंडच होती. जुंबलात शेख, मअन आणि शिहाब अमीर. इस्तंबूलच्या कागदांत हाच माणूस 'मअनओलू', म्हणजे मअनचा पोर, आणि हुद्दा मीरलिवा, जिल्ह्याचा सरदार. मीर हा अमीरच, डोकं उडालेला.

म्हणून 'राजा' नको. 'राजपुत्र' हा आजच्या अरबी राजघराण्यांतला अर्थ, तो सतराव्या शतकाला चिकटवू नये. मग मराठीत काय म्हणायचं? इथे मला गप्प बसवत नाही.

त्याची सगळी सत्ता ज्या व्यवहारावर उभी होती त्याला उस्मानी दफ्तरात 'मुकाता' म्हणत, अरबीत 'मुकातअ'. एखाद्या मुलखाचा महसूल आधीच एका रकमेला ठरवायचा, ती रक्कम भरणाऱ्याला मुलूख द्यायचा आणि वर जे सुटेल ते त्याचं. लेबनॉनच्या डोंगरातल्या अशा सरदारांना पुढे मुकाताजीच म्हणू लागले. धातू क-त-अ, म्हणजे कापणे. कापून, ठरवून दिलेली रक्कम. आणि आठवडी बाजाराचा, जकातीचा, आंब्याच्या बागेचा आपला 'मक्ता' काय वेगळा आहे? धातू तोच! गझलेचा शेवटचा शेर म्हणजेही मक्ता, गझल कापली जाते ती जागा. लहानपणी गिरवलेला 'कित्ता'ही त्याच कुळातला, मूळचा कापलेला तुकडा. कोशवाले मक्त्याचं मूळ 'मक्तअ' असं देतात. मला मात्र तो 'मुकातअ'च झिजून झालेला वाटतो, कारण अर्थ तिथे अंगाला बसतो, आणि झिजलेल्या स्वराने घाबरायचं तर मराठीतल्या निम्म्या अरबी शब्दांना घर मिळणार नाही. मक्ता हा संस्कृत 'मुक्त'वरून आला असं सांगणारे एक गृहस्थ मला दरवर्षी भेटतात. त्यांना एकदा मक्ता घेऊन पाहा म्हणावं, किती मुक्त वाटतं ते कळेल.

आणि 'मक्तेदारी' म्हणजे नुसती एकाधिकारशाही, हा अर्थ नंतरचा आहे. आधी रकमेची बोली, मग एकट्याचा हक्क.

तर फख्रुद्दीन हा शूफचा मक्तेदार. कोकणातल्या वाचकाला पटकन समजायला हवं असेल तर खोत म्हणा, फक्त हा खोत बंदुकवाले भाडोत्री सैनिक बाळगून होता. त्यांना सकबान म्हणत, फारसीत कुत्रे सांभाळणारे. रेशमाला त्याने उत्तेजन दिलं, कारण रेशीम रोकड आणतं आणि मक्त्यात वरचा सगळा पैसा आपला. 1608 मध्ये इटलीतल्या तस्कनीच्या मेदिची ड्यूकशी परस्पर करार केला. सुलतानाला हे रुचलं नाही, आणि 1613 मध्ये दमास्कसच्या पाशाची फौज अंगावर आली तेव्हा तो जहाजाने लिव्होर्नोला गेला. इटलीत पाच वर्षं. मागे भाऊ यूनुस आणि मुलगा अली कारभार पाहत होते. 1618 मध्ये परतला, 1623 मध्ये अंजरच्या लढाईत खुद्द दमास्कसचा पाशा धरला.

लेबनॉनच्या शालेय पुस्तकांतून त्याला आधुनिक लेबनॉनचा जनक ठरवतात. कमाल सलीबी या लेबनॉनीच इतिहासकाराने ते साफ नाकारलं : हा उस्मानी कर गोळा करणारा माणूस, राष्ट्र वगैरे नंतर रंगवलेलं. सलीबींचं मला पटतं, पण 'फक्त कर गोळा करणारा' म्हणताना लागणारा तो 'फक्त' पटत नाही. आमच्याकडे देशमुखांनी काय वेगळं केलं? महसूल गोळा करणाऱ्याच्या घरीच फौज असते, कचेरी असते आणि महत्त्वाकांक्षाही.

1633 मध्ये फौज पुन्हा आली, अली मारला गेला. अमीर डोंगरातल्या गुहेत लपला, पकडला गेला, आणि 1635 च्या एप्रिलमध्ये इस्तंबूलला त्याला ठार केलं. मक्ता पुढे पुतण्या मुल्हिमने चालवला.

धाकटा मुलगा हुसेन वाचला. तो इस्तंबूलच्या दरबारात वाढला आणि 1650 च्या दशकात सुलतानाचा वकील म्हणून थेट शाहजहानच्या दरबाराकडे निघाला. अमीराचा मुलगा, आणि समोर उभे सगळे उमरा.

अमीर-उमराव जोडशब्दात मधली रेघ हवी का, हेही विचारलं होतं. हवी.