महाप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये सांगितल्याशिवाय कोणी काहीच करत नाही. काय करावं?

कारण बहुधा आळस नसतं, भीती असते. स्वतःहून केलेलं चुकलं तर बोलणी, गप्प बसलं तर काहीच नाही. मग माणूस गप्पच बसतो. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतानुसार आतून प्रेरणा यायला स्वायत्तता (म्हणजे स्वतः ठरवायची मुभा), आपल्याला जमतंय ही जाणीव आणि आपलेपणा लागतो.

सुरुवात स्वायत्ततेपासून करा, पण मर्यादा आकड्यात सांगा: २,००० रुपयांपर्यंतचा स्पेअर पार्ट ऑपरेटरने न विचारता मागवायचा, माल खराब निघाला तर मशीन त्यानेच थांबवायचं. नुसतं 'जबाबदारी घ्या' म्हटल्याने भीती वाढतेच. कामगाराने काही सुचवलं तर त्या सूचनेला आठवड्याभरात हो किंवा नाही, कारणासकट कळवा. उत्तरच आलं नाही की पुढची सूचना येत नाही. दर सूचनेमागे रोख बक्षीस मात्र नको. लोक पैशापुरतंच सुचवू लागतात.